शिळ्या पाण्याची बाग

आमच्या हरिप्रसाद सोसायटीच्या ऑफिसात तक्रारींची एक जाडजूड फाइल आहे. तिच्यात माझ्या अक्षरातली अकरा पत्रं सापडतील. जिन्यातला गेलेला दिवा, गच्चीचं हरवलेलं कुलूप, तळमजल्यावरचा रेडिओ, काय वाट्टेल ते. माझी बायको नलिनी म्हणते, तक्रार लिहिल्याशिवाय तुमचं जेवण पचत नाही. आता मी औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. आलेली खोकी मोजायची आणि एक जरी कमी भरलं तरी वर कळवायचं, हा माझा धंदा. घरी आलो म्हणून हात थोडाच थांबतो. अकरापैकी दहा पत्रं मी आजही परत लिहीन. एक तेवढं लिहायला नको होतं. ते पर्पेच्युआबाईंबद्दल होतं.

पर्पेच्युआबाई आमच्या सोसायटीची बाग बघायच्या. बाग म्हणजे काय, तर इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी, साठ फूट लांब आणि बारा फूट रुंद. आम्ही मुंबईत मरोळला राहायला आलो एकोणीसशे ऐंशी साली. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं. त्याआधी तिथे भाताचं शेत होतं आणि ते मिरांडांचं होतं. मार्कस मिरांडा हे बाईंचे यजमान. ते वारले, मग धाकटा दीर जॉनी याने बिल्डरच्या कागदावर सही केली आणि शेत गेलं. बाई गावठाणातल्या घरात राहिल्या, आमच्या गेटपासून पाच मिनिटांवर. सोसायटीला बागेसाठी माणूस हवा आहे हे कळल्यावर त्या आपणहून आल्या. लग्न होऊन आल्यापासून ज्या शेतात त्यांनी लावणी केली, त्याच्याच उरलेल्या पट्टीवर आता नोकरीला. आम्हाला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. माणूस जवळच राहतो, वेळेवर येईल, एवढंच कमिटीने पाहिलं.

वय पंचावन्नच्या पुढचं. चौकड्यांचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, गळ्यात क्रूस, हातात विळा. बोलणं कमी. काही विचारलं तर आधी मातीकडे बघायच्या आणि मग तुमच्याकडे. मला तो उद्धटपणा वाटायचा.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि पावणेसातला जायचं. गच्चीवर टाकी नव्हती. तेवढ्या वेळात पिंप, हंडा, कळशी, बादल्या, हाताला लागेल ते पातेलं, सगळं भरून घ्यायचं. पण भरायच्या आधी कालचं उरलेलं काढायला हवं. ते शिळं. शिळं पाणी देवाला चालत नाही, आणि त्याच्यावर ताजं ओतलं तर ताजंही शिळं होतं. मग टाकायचं कुठे? मोरीत ओतायला कुणाचा हात होत नव्हता. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका मालवण, राजापूर, संगमेश्वरकडच्या. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून करवंटीने कळशी भरलेल्या. चांगलं पाणी मोरीत ओतायचं म्हणजे त्यांना शिजलेला भात उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटायचं. आणि खाली झाडं आहेत की. मागच्या सगळ्या गॅलऱ्या बागेवरच होत्या. तळमजल्यावरच्या बायका बादली घेऊन बाहेर यायच्या, वरच्या गॅलरीतूनच उपडी करायच्या. कुणी ओतताना देवाचं नाव घ्यायची, कारण झाडाला पाणी घालणं हे पुण्याचं काम. आणि प्रत्येकीला वाटायचं की आपण घालतो तेवढंच बिचाऱ्या झाडांना मिळतं.

पुढे मी हिशेब केला. घरटी सरासरी दोन बादल्या, म्हणजे रोज सातशे लिटरच्या आसपास. बाराही महिने, पावसाळ्यातसुद्धा. पण हा हिशेब मी पत्र लिहायच्या आधी करायला हवा होता.

आमचा चेअरमन चंद्रप्रकाश राणे. बँकेतला माणूस, माझ्याच वयाचा, अरेतुरेतला. त्याला गुलाबाचं वेड. एक्याऐंशीला त्याने नर्सरीतून वीस गुलाब आणले, आठ मोगरे आणले, भिंतीच्या कडेने शेवंती लावून घेतली. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडली आणि झाडांनी माना टाकल्या. मान टाकलेलं झाड दिसलं की माणूस काय करतो? पाणी घालतो. बायकांनी एकेक कळशी वाढवली. तळमजल्यावरच्या सुगंधा तावडे तर दुपारीही एक बादली द्यायच्या, उन्हाने दमली असतील म्हणून. नाताळपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. ब्याऐंशीला चंद्रप्रकाशने परत सगळं आणलं आणि परत तेच झालं.

माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बाग सबंध दिसायची. पर्पेच्युआबाई सातला यायच्या. पिवळी पानं वेचायच्या, विळ्याने माती उकरायच्या, भिंतीच्या कडेने एक चर ओढायच्या आणि दहाला जायच्या. त्यांच्या हातात झारी म्हणून कधी दिसली नाही. त्र्याऐंशीच्या श्रावणात पावसाने दडी मारली होती, चांगले पंधरा दिवस ऊन पडलं. मी लक्ष ठेवलं. कामाला निघायच्या आधी रोज बघायचो. बाईंनी एक तांब्या पाणी घातलं नाही. मग लिहिलं.

'माळीकाम करणाऱ्या बाई झाडांना पाणी घालीत नाहीत. पश्चिमेच्या कोपऱ्यात गवत गुडघाभर माजले असून तेही काढीत नाहीत. सोसायटीची रोपे दोन वर्षे वाया गेली आहेत. योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली सही, लवू परब, ब्लॉक नंबर चौदा. कार्बन कॉपी माझ्याकडे.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत चंद्रप्रकाशने ते मोठ्याने वाचलं. नावासकट. बाईंना बोलावून दाराशी उभं केलं होतं. त्याने विचारलं, "हे खरं आहे का?"

"खरं हाय," बाई म्हणाल्या.

मग तिथेच ठराव झाला. बागेला शेवटचं एक वर्ष द्यायचं. पुढच्या सभेपर्यंत झाडं जगली नाहीत तर पट्टीवर शहाबादी फरशी घालून स्कूटर लावायला जागा करायची. तोवर इमारतीत सहा स्कूटर झाल्या होत्या आणि त्या सहाही जणांचे हात आधी वर गेले. माझ्याकडे स्कूटर नव्हती, तरी मीही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बेल वाजली, दारात पर्पेच्युआबाई. चर्चमधून सरळ आलेल्या, लुगडं धुतलेलं, चपला बाहेर काढलेल्या. मला वाटलं, आता भांडण. मी तयारीत उभा राहिलो.

"परबभाऊ, फरशी कुठपासून कुठपर्यंत घालनार?"

"सगळ्या पट्टीवर."

"कोपऱ्यात पन?"

"कोपऱ्यात पण."

त्यांनी बाहेर काढलेल्या चपला पायात घातल्या. मग म्हणाल्या, "जरा खाली येता का?"

मी गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे आमची आणि खालची अशा दोन गॅलऱ्यांचं पाणी पडतं, तिथे चिखल घोट्यापर्यंत होता. त्यात ते माझं गुडघाभर गवत. बाई आत उतरल्या, एक काडी हातात घेतली आणि नखाने चिरली. आत हिरवट पांढरी, कोवळी लोंबी गुंडाळून बसली होती.

"हे गवत न्हवं," बाई म्हणाल्या. "भात हाय. पोटरीला आलंय."

मी मालवणचा. नऊ वर्षांचा होईपर्यंत शेताच्या बांधावर वाढलो. आणि भाताला गवत म्हणून सही करून बसलो होतो. खरं सांगतो, तेव्हा मला भयंकर लाज वाटली. तिथल्या तिथे ते पत्र फाडावंसं वाटलं, पण ते चंद्रप्रकाशच्या कपाटात होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या लोकांचा आगेऱ्याचा सण असतो. नवीन भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, मग त्या घरी आणून दाराशी आणि अल्तारीजवळ, म्हणजे घरातल्या देवाच्या कोनाड्याशी ठेवतात. मार्कसच्या आजापासून मिरांडांच्या लोंब्या या शेतातून जात. शेत गेल्यावर जॉनी बाजारातून विकतच्या लोंब्या आणू लागला. बाईंना ते पटेना. "दुसऱ्याच्या शेताचं देवाला कसं देनार?" त्या म्हणाल्या. म्हणून दर जूनमध्ये मूठभर बियाणं त्या कोपऱ्यात पेरायच्या. नोकरी त्यासाठीच धरली होती. सोसायटीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता माझ्यामुळे त्याच्यावर फरशी पडणार होती.

"काल का बोलला नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी पट्टीतला एक मेलेला गुलाब धरून ओढला. काहीच जोर लागला नाही. मुळं काळी पडली होती आणि त्यांना गटाराचा वास येत होता. "तानेनं नाय मेला. श्वास कोंडून मेला. मातीत पानी भरलं की हवेला जागाच नाय. मुळं कुजली मंग वर पानी चढनार कसं? पान माना टाकतं. तुम्हाला वाटतं तान लागली, तुम्ही आनखी ओतता." मग म्हणाल्या, "मी पानी घालत नाय, ते तुम्ही खरंच लिवलं. कोन घालंल यात पानी?"

"मग बायकांना सांगा ना, ओतू नका म्हणून."

"चोवीस मालकिनी हायत वर. त्यांना मी सांगू?"

म्हटलं, तुम्ही नका सांगू, मी सांगतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली. 'बागेत शिळे पाणी ओतू नये, त्याने झाडे मरतात.' चार दिवस बागेत पाणी पडायचं बंद झालं. पाचव्या दिवशी पाचच्या सुमाराला मला जाग आली ती गॅलरीतल्या आवाजाने. माझीच बायको बादली उपडी करत होती.

"नलिनी, अगं फळ्यावर काय लिहिलंय वाचलंस ना?"

"वाचलं. मोरीत ओतू म्हणता? तुमच्या आईंनी ओतलं असतं?"

आईने नसतंच ओतलं. आई म्हणायची, "पाणी फुकट घालव नको, झाडाक घाल." आमच्या न्हाणीचं सांडपाणी मागच्या परसात जायचं आणि तिथे बारा महिने चिखल असायचा. त्या चिखलात आईने अळू लावलं होतं, आणि अळूच्या मागे कर्दळ. लाल आणि पिवळी. तिथेच कडेला सोनटक्का. मेलेला कधी पाहिला नाही. कुणी त्याची निगा राखल्याचंही आठवत नाही. बादली रिकामी करून नलिनी आत गेली आणि मी गॅलरीत तसाच उभा राहिलो. पाणी ओतणाऱ्या बायका बदलणार नव्हत्या. म्हणजे झाडंच बदलायला हवी होती. एवढी साधी गोष्ट, आणि मी जन्मापासून बघितलेली.

सातला बाई आल्यावर मी खाली जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "पयल्याच वर्षी राणेसायबांना म्हटलं व्हतं मी, कर्दळ लावू. ते म्हनाले, सोसायटी हाय ही, गावची न्हानी नाय."

चंद्रप्रकाशला मी ओळखतो. त्याला विचारायला गेलो असतो तर त्याने परत गुलाबच आणले असते. म्हणून विचारलंच नाही. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या एका रविवारी पर्पेच्युआबाई आणि मी आरे कॉलनीची बस पकडली. माझ्याकडे दोन रिकामी गोणपाटं. आरेत एका गोठ्यावर बाळा म्हणून बाईंच्या ओळखीचा माणूस होता. गोठा धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि नाल्याच्या दोन्ही काठांना कर्दळ आणि सोनटक्का नुसता दाटला होता. बाळा म्हणाला, "न्या हवा तेवढा. आम्हाला त्याचा वैताग आहे."

बाईंनी कर्दळीच्या पानाचा देठ विळ्याने तिरका कापला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. आत बारीक बारीक भोकं होती. "इथनं हवा खाली जाते," त्या म्हणाल्या. "भाताच्या काडीतनं जाते तशीच. म्हनून चिखलात उभं ऱ्हातं. गुलाबाला अशी सोय नाय." शाळेत गेल्या होत्या चौथीपर्यंत. मी त्यांना विचारलं, हे कुणी शिकवलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

कांद्यांसकट दोन गोणी भरून आणल्या. कंडक्टरने कुरकुर केली, बाईंनी त्याला सोनटक्क्याचा एक कांदा दिला. गावठाणातल्या विहिरीपाशी पांढऱ्या लिलीचे गड्डे होते, लांब पाकळ्यांच्या, लग्नात आणि मयतातही वापरतात त्या लिलीचे. तेही आणले. मागे सोनटक्का, मधे कर्दळ, पुढे लिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं लावून झालं. कोपऱ्यात भात पेरलं. या खेपेला ते पेरताना त्यांच्या शेजारी मी होतो.

चंद्रप्रकाशने आठ दिवसांनी पाहिलं. "परब, हे काय रे लावलंयस? फुकटची झुडपं?"

"जगतात ती," मी म्हटलं.

"जगायला काय, डबक्यात बेडूकही जगतो. बागेसारखी दिसायला नको?" तो म्हणाला. "सभेत बघू."

जुलैत तीन दिवस पाऊस कोसळला. आमच्या आजूबाजूला भराव घालून नव्या इमारती उठल्या होत्या, त्यामुळे सगळं पाणी आमच्याकडे. पट्टीवर गुडघ्याच्या वर पाणी चढलं. लिली तर दिसेनाशीच झाली. मी गॅलरीत उभा राहून ते पाणी बघायचो, रात्रीसुद्धा उठून. कारखान्यात कधी मालाचं नुकसान झालं म्हणून मी झोपेतून उठलो नव्हतो. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. बाई आल्या, पानांवरचा गाळ हाताने पुसत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लिली आडवी झाली होती, ती आठवड्यात उठली. कर्दळीची खालची चार पानं गेली, वरची तशीच ताठ. सोनटक्क्याला तर काही झालंच नव्हतं.

गौरी-गणपतीत कर्दळ फुलली. सोनटक्का नवीन होता, त्या वर्षी त्याला मोजून सात दांडे आले. पण सातच दांड्यांचा वास संध्याकाळी तिन्ही मजल्यांवर जायचा. गौरी आल्या त्या दिवशी नलिनीने एक फूल केसात माळलं, ते बघून सुगंधा तावडेंनी दुसरं मागितलं, आणि मग बाईंनी सातही दांडे वाटून टाकले. त्यांनी स्वतःला एकही ठेवलं नाही.

पुढच्या रविवारी सभा. भात पोटरीतून बाहेर पडलं होतं, दाणा भरायचा होता. फरशीवाला माणूस सोमवारी माप घ्यायला येणार असं चंद्रप्रकाशने आधीच ठरवलं होतं. बाई दाराशी उभ्या. आमच्या सभेला बायका सहसा येत नाहीत, त्या दिवशी आठ-दहा आल्या, मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

चंद्रप्रकाश म्हणाला, "झाडं जगली, मान्य. पण ही बाग नाही. कर्दळ न्हाणीमागे लावतात, आपल्याला शोभा पाहिजे. आणि स्कूटर आता नऊ आहेत." स्कूटरवाल्यांनी माना हलवल्या.

मी उठलो. माझं भाषण तयार होतं, कागदावर लिहून आणलेलं. पाण्याचा हिशेब, मुळांचा श्वास, गुलाबावर गेलेला खर्च, सगळं मुद्देसूद. मी बोललो आणि कुणी ऐकलं नाही. माझ्या तक्रारींची त्यांना इतकी सवय झाली होती की ही तक्रार नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग सुगंधा तावडेंनी मागून विचारलं, "फरशी घातलीत, तर शिळं पाणी ओतायचं कुठे?"

"मोरीत ओता," चंद्रप्रकाश म्हणाला.

"मी नाही ओतणार," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी रोज ओतते तिथेच ओतणार. मग तुमच्या फरशीवर शेवाळ धरलं आणि कोण स्कूटरसकट घसरला, तर मला सांगायला यायचं नाही."

"मी पण तिथेच ओतणार," नलिनी म्हणाली. तिला मी काही शिकवून आणलं नव्हतं. बाकीच्या बायकांनीही तेच सांगितलं. नऊ स्कूटरवाल्यांपैकी सहा जणांच्या बायका त्यांत होत्या. फरशीचा ठराव पडला. ज्या पाण्याने वीस गुलाब दोनदा मारले, त्याच पाण्याने पट्टी वाचवली. माझ्या हिशेबाचा काडीइतका उपयोग झाला नाही, याचं मला जरा वाईटही वाटलं.

बाई खाली जाऊन परत कामाला लागल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी लोंब्या कापल्या, एक मूठभर, आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून चर्चला नेल्या. मला त्यांनी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. गॅलरीतून पाहिलं, बस्स. पुढची चार वर्षं तसंच चाललं. सोनटक्का इतका वाढला की त्याचे कांदे काढून गावठाणात वाटावे लागले. चंद्रप्रकाश पाहुण्यांना बाग दाखवायचा आणि म्हणायचा, आम्ही मुद्दाम देशी झाडं लावली. माझ्या मनात बारावं पत्र तयार होतं, पण लिहिलं नाही.

मग अठ्ठ्याऐंशीला गच्चीवर टाकी आली. सप्टेंबरच्या मध्याला नळ चोवीस तास सुरू झाले. लोकांनी पेढे वाटले. पिंपं, हंडे माळ्यावर गेले किंवा भंगारवाल्याला. मीही आमचं पिंप काढलं, घरात केवढी जागा झाली म्हणून आनंदात होतो. पाणी साठवायचं नाही म्हटल्यावर शिळं कुठून होणार? एका आठवड्यात बागेत पाणी पडायचं बंद झालं. कुणी मुद्दाम केलं नाही. नुसतं थांबलं. आणि त्या वर्षी पाऊसही लवकर गेला.

मला कळलं ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. गॅलरीतून पाहिलं तर कर्दळीची पानं कडेने करपली होती. कोपऱ्यातली चिखलाची जमीन वाळून तिला भेगा पडल्या होत्या. खाली गेलो. पर्पेच्युआबाई भाताजवळ बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेलेले, उभं राहायला भिंत धरावी लागायची, बादली उचलणं तर दूरच. त्यांनी एक दाणा तोडून दोन नखांत दाबला. आतून दुधाचा थेंब आला, पण बारीक.

"दूध भरायची वेळ हाय," त्या म्हणाल्या. "आता आठ दिस पानी नाय मिळालं तर पोचट निघनार. सगळा भुसा. आगेऱ्याला भुसा न्यायचा का?" आवाज नेहमीसारखाच होता. डोळे मात्र ओले होते, आणि त्यांनी ते पुसायची तसदी घेतली नाही.

पाच वर्षं रोज बघत होतो, आणि पिंप भंगारात घालताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. आधी मातीकडे नाही, सरळ माझ्याकडे. "परबभाऊ," त्या म्हणाल्या, "आता लिवा पत्र. बाई झाडांना पानी घालत नाय."

मी वर गेलो. नलिनी पोळ्या करत होती, तिने विचारलं काय झालं. मी सांगितलं नाही, बादली नळाखाली लावली. भरली तशी दुसरी लावली. दोन्ही हातांत दोन घेऊन जिना उतरलो आणि कोपऱ्यात ओतल्या. भेगांनी पाणी आवाज करत पिऊन टाकलं, वर काही दिसलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "आनखी."

त्या दिवशी मी चौदा खेपा केल्या. माझं वय बावन्न.